कंबर घटली, गळा वाढला

शिंपीकामात एक गोष्ट पक्की असते. माणूस सुटला की सगळीकडून सुटतो, वाळला की सगळीकडून वाळतो. पोट पुढं आलं की मानही भरते. गाल बसले की मनगटंही बारीक होतात. अर्धं अंग घटलं आणि अर्धं वाढलं, असा माणूस ताईनं बावीस वर्षांच्या शिवणकामात पाहिला नव्हता. म्हणून त्या दुपारी तिनं धाकट्या भावाच्या अंगावर बँडचा नवा कोट चढवला, कमरेत अख्खी मूठ आत गेली आणि गळ्याचं बटण मात्र काही केल्या काजापर्यंत पोचेना, तेव्हा ती चक्रावली.

“श्वास सोड.”

“सोडला.”

“अजून सोड.”

“संपला की सगळा!” भाऊ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. हसता हसता जागच्या जागी दोन उड्याही मारल्या. हल्ली तो उभा म्हणून राहतच नसे. एक पाय थांबला की दुसरा सुरू.

“अरे नीट उभा राहा, टाचणी घुसेल.”

“लवकर कर, ताई. तालीम आहे. लवकर, लवकर!”

बँडची मोठी स्पर्धा सोळा दिवसांवर आली होती. अठरा वादकांचे अठरा कोट ताईच्या दुकानात शिवून तयार होते, सतरा अंगाला चपखल बसले होते, आणि अठराव्यानं, तोही घरच्याच माणसाचा, दगा दिला होता. ताईला आधी स्वतःचाच राग आला. मापाची वही काढली. चार महिन्यांपूर्वीचं माप तिच्याच अक्षरात: कंबर छत्तीस, गळा पंधरा. तिनं फीत लावली. कंबर साडेतेहतीस, गळा पावणेसोळा. परत लावली. तेच. मग तिला फितीचा संशय आला. कापडी फीत वापरून वापरून ताणते, हे कुठल्याही शिंप्याला ठाऊक असतं. तिनं फीत लाकडी पट्टीवर ताणून धरली. रेघेला रेघ जुळली. फीत खोटं बोलत नव्हती.

“अगं, वाळलाय तो,” कोपऱ्यात बटणं लावत बसलेली आई म्हणाली. “आता कुठं चपळ झालाय पोरगा. तू कशाला कुरकुरतेस?”

“वाळला ना? मग गळा कुणाचा घेऊन आलाय?”

आईनं सुई थांबवली.

हा भाऊ म्हणजे बँडमधला ठेकेदार. मोठा ढोल त्याच्याकडं, ठेका त्याच्या हातात, म्हणून ठेकेदार, वय एकोणतीस. जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की याला डाऊन सिंड्रोम आहे, एक गुणसूत्र जादा आहे, फार अपेक्षा ठेवू नका. आई म्हणाली होती, “मी कुठं काय मागितलंय? दूध कसं पाजायचं तेवढं सांगा, जीभ बाहेर ढकलतोय तो.” तिसऱ्या वर्षी हृदयातलं भोक शिवलं. साडेतीन वर्षांचा झाल्यावर चालला. बोलला त्याहून उशिरा, आणि पहिला शब्द आई नाही, ताई नाही, तर “धम्”!

त्यालाही कारण होतं. शिवणदुकानाच्या पलीकडं, एका भिंतीआड, बँडची तालमीची खोली. पोरगं दिवसभर त्या भिंतीला पाठ लावून बसायचं आणि मशीनच्या खोक्यावर तळहातानं वाजवायचं. सतराव्या वर्षी जुन्या ढोलवाल्याचा खांदा निखळला. मास्तर दुकानात डोकावले आणि म्हणाले, “आजच्या दिवस तुमचा भाऊ द्या.” त्या आजच्या दिवसाला बारा वर्षं झाली. त्याला सुरांचे कागद वाचता येत नव्हते. वीसच्या पुढं मोजताना गाडी कधी तीसवर, कधी परत बारावर जायची. पण एकदा गती दिली की ती खिळा ठोकल्यासारखी जागेवर राहायची. “घड्याळ मागं पडेल, हा नाही,” मास्तर पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे. हळूहळू बँडचा नियमच झाला: डोळे मास्तरांकडं, कान ढोलाकडं. आणि खरं सांगायचं तर मास्तरांचा स्वतःचा हातही ढोलामागूनच हलायचा. त्यांची काठी दिसायला, ठेकेदाराची ठोकायला.

आणि हे वर्ष तर विचारू नका! ठेकेदाराच्या अंगात जणू वीज शिरली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचा. पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी दुमडायच्या कामावर जायचा, तिथं तासाला साठ खोकी करणारा गडी नव्वदवर गेला. मालकानं खांद्यावर थाप मारली. घरी येऊन दोन माणसांचं जेवायचा, तरी पोट आत. “बघा, बघा, कसा सडपातळ झालाय!” शेजारणी म्हणायच्या. आई दृष्ट लागेल म्हणून विषय बदलायची, पण मनातून फुलायची. बँडलाही नवं बळ आलं होतं. तालमीच्या खोलीबाहेर येणारीजाणारी माणसं थांबायला लागली, पाय आपटायला लागली. “यंदा ढाल आपली!” असं कर्णेवाला रोज म्हणायचा, दम खात खात.

घरातल्या तिघांनाही थायरॉइड हा शब्द काही नवा नव्हता. ठेकेदाराच्या शाळेत फार पूर्वी बजावून सांगितलं होतं: अशा मुलांना गळ्यातल्या ग्रंथीचा त्रास होतो, मग ती सुस्तावतात, अंगानं सुटतात, सारखी झोपतात, गार पडतात, तेव्हा दरवर्षी रक्त तपासा. आईनं ते शब्दशः धरलं होतं. भाऊ दुपारी जरा जास्त झोपला की ती त्याचे पाय चाचपून बघायची, गार तर नाहीत ना! पण गेल्या वर्षी पोरगा ठणठणीत, यंदा तर असा तुरतुरीत, पाय असे गरम, की कशाला सुया टोचायच्या? तपासणी राहून गेली. दोघी मायलेकी पुढच्या दाराला कडी लावून, काठी घेऊन राखण करत बसल्या होत्या आणि चोर मागच्या दारानं आत येऊन चांगला मांडी ठोकून बसला होता.

ताईनं फीत बाजूला ठेवली आणि भावाच्या गळ्यावर हात ठेवला. कंठाच्या खाली दोन्ही बाजूंना काहीतरी मऊ, भरलेलं लागलं. आणि त्याखाली एक ठोका असा दडदडत होता, की तिनं हात झटकन मागं घेतला.

“हात पुढं कर. बोटं पसर.”

बोटं पसरली. ती थरथरत होती, मशीन जोरात चाललं की टेबलावरची टाचणी थरथरते ना, तशी.

“तुझं छातीतलं कसं वाजतंय रे? मला वाजवून दाखव.”

हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता तर त्यानं वेड्यात काढलं असतं. ठेकेदारानं नाही. त्यानं डोळे मिटले, एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कापायच्या टेबलावर वाजवायला सुरुवात केली. टक टक टक टक टक. ताईनं भिंतीवरच्या घड्याळाचा काटा धरला. एक मिनिट. एकशे बत्तीस.

“तू पळत आलास का आता?”

“नाही. मी उभा होतो. तूच उभं केलंस!”

आईच्या मांडीवरची बटणं घरंगळून सगळीकडं पसरली. “अगं, त्याचं हृदय शिवलेलं आहे गं!” ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. एक सापडली, दुसरी सापडेना. ताईनं दुकानाला तसंच कुलूप लावलं. ठेकेदार कोटासकट दवाखान्यात पोचला, गळा उघडा, पाठीला सात टाचण्या.

डॉक्टरीणबाई वयानं ताईपेक्षा लहान होत्या. त्यांनी आधी त्याला पेलाभर पाणी दिलं आणि तो गिळत असताना गळ्याकडं टक लावून बघितलं. मग मागं उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. नाडी धरली. डोळे बघितले. हृदयाचा आलेख काढला. रक्त काढायच्या वेळी ठेकेदार म्हणाला, “ढोल वाजवतो तो हात नको.” त्यांनी मुकाट्यानं दुसरा घेतला.

“कुणाच्या लक्षात आलं?” त्यांनी विचारलं.

“फितीच्या,” ताई म्हणाली.

“आँ?”

“शिंपीण आहे मी. कंबर अडीच इंच घटली, गळा पाऊण इंच वाढला.”

डॉक्टरीणबाई हसल्या, पण डोळे मोठे झाले होते त्यांचे. “माझ्याकडं माणसं सहा सहा महिन्यांनी येतात. छान बारीक झालोय म्हणत फिरतात तोवर.”

दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. मेंदूकडून ग्रंथीला जो हुकूम जातो, तो जवळजवळ शून्यावर. मेंदू बिचारा ‘पुरे, पुरे’ करत गप्प बसलेला. आणि ग्रंथी आपली रस सोडतेय, सोडतेय, दुपटीनं सोडतेय!

“म्हणजे उलटा थायरॉइड?” आईनं विचारलं. “पण शाळेत तर सुस्तीचा सांगितला होता.”

“तोच जास्त आढळतो, आई. पण हाही होतो, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांत इतरांपेक्षा जास्त होतो. दोन्हींचं मूळ बरंचसं एकच.” त्यांनी कागद पुढं ओढला. “आपल्या प्रत्येक पेशीत सूचनांचे गठ्ठे असतात, ती गुणसूत्रं. प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन प्रती. एक आईकडची, एक वडिलांकडची. ह्यांच्याकडं एकविसाव्या गठ्ठ्याच्या तीन आहेत.”

“कापायचा कागदी नमुना जास्तीचा निघाला म्हणा,” ताई म्हणाली.

“अगदी! नमुना फाटका नाही, चुकीचा नाही. फक्त जादा आहे. आता त्या गठ्ठ्यात एक जनुक आहे. शरीराच्या पहारेकऱ्यांना शिकवण्यात त्याचा हात असतो, हा घरचा, हा परका, घरच्यावर काठी उचलायची नाही. तीन प्रती झाल्या की ही शिकवणी बिघडत असावी असं दिसतंय. नेमकं कसं, ते अजून शोधतायत. त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या जनुकांचाही हात असेल. पण पहारेकरी घरच्यांवर उलटतात, हे खरं. गळ्यातली ग्रंथी त्यांच्या तावडीत सापडते. बहुतेक वेळा ते तिला झोडपून झोडपून थंड करतात. ती तुमची सुस्ती. आणि कधी कधी मारत नाहीत, नुसती तिच्या दारावरची घंटा दाबून धरतात. सोडतच नाहीत. ग्रंथीला वाटतं, वरून हुकूम आला! मग ती राब राब राबते.”

“आणि आमचा नव्वद खोकी करतो,” ताई पुटपुटली.

“तुमच्या घराण्यात कुणाला गळ्याचं दुखणं होतं? सगळंच त्या एकविसाव्याच्या माथी मारता येत नाही. काही घराण्यातूनही येतं.”

“नाही,” ताई म्हणाली.

“होतं,” आई म्हणाली. “माझ्या आईला. गळा असा लोंबायचा. आम्ही पोरं त्याला थैली म्हणायचो.”

“आई! एकोणतीस वर्षांत सांगितलं नाहीस कधी!”

“एकोणतीस वर्षांत कुणी विचारलं का?”

डॉक्टरीणबाईंनी ताईचीही बाही वर करायला लावली. तिचं रक्त पुढं ठीक निघालं, दरवर्षी तपासत राहा एवढीच ताकीद मिळाली. ठेकेदाराला मात्र दोन प्रकारच्या गोळ्या. एक ग्रंथीला आवरणारी, तिचा गुण यायला काही आठवडे लागणार. दुसरी हृदयाचा वेग उतरवणारी, तिचा गुण लवकर. घसा दुखला किंवा ताप आला तर त्याच दिवशी येऊन रक्त दाखवायचं, कारण पहिल्या गोळीची ती एक खोड आहे.

“आणि ढोल बंद,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आतापर्यंत ठेकेदार खुर्चीवर पाय हलवत बसला होता. पाय थांबले.

“किती?”

“नाडी खाली येईपर्यंत. तो ढोल किती किलोचा आहे? छातीवर बांधून, एकशे बत्तिसावर पळणारं शिवलेलं हृदय घेऊन... नाही.”

“पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे,” तो म्हणाला.

“मला माहीत नव्हतं.”

“आता माहीत झालं. पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे!” तो उभा राहिला. चेहरा लालबुंद. “माझा ढोल आहे! कोण वाजवणार? तू वाजवणार? तुला येतो?”

“अरे, अहो म्हण त्यांना,” आईनं दटावलं.

“अहो, तुला येतो?”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्याच्यासमोर ओढली. त्या ताईशी नाही, आईशी नाही, सरळ त्याच्याशी बोलल्या. “मला येत नाही. म्हणून तर तू मला हवा आहेस. तुझी एक चाल किती वेळ चालते?”

“चार मिनिटं.”

“चौदाव्या दिवशी ये. आलेख परत काढू. नाडी नव्वदच्या खाली आणि आलेख साफ असला, तर एक चाल. चार मिनिटं. स्टँडवर ढोल ठेवून, छातीवर नाही. एकाच्या पुढं एक ठोकाही नाही. कबूल?”

“एक चाल,” ठेकेदार म्हणाला. “कबूल. गोळी दे.”

इकडं बँडमध्ये हाहाकार उडाला. कर्णेवाल्यानं आपला मेहुणा आणून ढोलापुढं उभा केला. मेहुणा अंगानं दांडगा, मनानं चांगला, पण ठोका म्हणजे कोंबडी रस्ता ओलांडते तसा, कधी धावत, कधी मधेच थांबून. मास्तरांनी काठी आपटली, शिव्या घातल्या, शेवटी गती दाखवायला म्हणून मागच्या महिन्यातल्या तालमीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं आणि शेजारी ठोके मोजणारं यंत्र ठेवलं. स्पर्धेत नेमून दिलेली चाल मिनिटाला एकशे बारा ठोक्यांची, नियमच होता तो. परीक्षक घड्याळ लावून बसायचे. यंत्राला एकशे बाराची चावी दिली. यंत्र शांतपणे टक टक करत राहिलं आणि रेकॉर्डिंगमधला बँड त्याच्या पुढून कुत्रं मागं लागल्यासारखा सुसाट निघून गेला.

मास्तर यंत्राची चावी वाढवत गेले, तेव्हा कुठं दोघांचं जुळलं. एकशे तीस!

“अठरा जणांपैकी एकालाही कळलं नाही?” मास्तर म्हणाले.

“तुम्हाला कुठं कळलं?” मागून क्लॅरिनेटवाला म्हणाला.

कर्णेवाल्यानं कर्णा मांडीवर ठेवला आणि कपाळ बडवून घेतलं. “मी छातीचा फोटो काढून आलो हो! मला वाटलं माझं वय झालं, दम पुरत नाही. बायको म्हणाली वाजवणं सोड. आणि हा ठेकेदार मला एकशे तीसनं पळवत होता!”

सगळे इतके हसले, की मेहुण्याच्या हातून काठी पडली. हसून झाल्यावर मास्तर उठले. भिंतीपलीकडच्या दुकानात आले आणि ताईसमोर उभे राहिले.

“बाई, चूक आमची. पोरगा पळायला लागला आणि आम्ही त्याला सावरायचं सोडून त्याच्यामागं पळालो.”

“आम्ही तर टाळ्या वाजवल्या, मास्तर,” ताई म्हणाली. “तुम्ही निदान वाजवत तरी होता.”

“येईल का तो?”

“चौदाव्या दिवशी कळेल.”

ते चौदा दिवस! घरातली तिन्ही माणसं नाडीवर जगत होती. सकाळ-संध्याकाळ ठेकेदार टेबलाशी बसायचा, हात छातीवर, बोटं टेबलावर, आणि ताई घड्याळ धरायची. एकशे अठ्ठावीस. एकशे वीस. चौथ्या दिवशी एकशे बारा आले तेव्हा तो ओरडला, “ही तर चाल! हीच चाल!” आणि ताईच्याही अंगावर काटा आला. पण तिथं थांबायचं नव्हतं, अजून उतरायचं होतं. गोळीची वेळ त्यानं कधी चुकवली नाही; उलट पाच मिनिटं आधीच पाण्याचा पेला घेऊन घड्याळासमोर उभा. घशाची ताकीद तर त्यानं इतकी मनावर घेतली की दर ठसक्याला “ताई, घसा! चल दवाखान्यात!” एकदा नुसता पावाचा तुकडा अडकला होता, तरी चपला घालून दारात. हात थरथरायचे थांबले. खोकी साठवर आली. मालक हिरमुसला, तेव्हा ताईनं त्याला सुनावलं, “नव्वद हवी असतील तर तुम्हीच आजारी पडा.”

दहाव्या दिवशी शहाण्णव. बाराव्या दिवशी परत शंभर, आणि आईनं जेवण टाकलं. तेराव्या दिवशी ब्याण्णव. नव्वदच्या वर दोन! ठेकेदार टेबलाकडं असा बघत बसला, जणू ते दोन ठोके बोटानं उचलून फेकून देणार होता.

चौदाव्या दिवशी दवाखान्यात ताईची स्वतःची नाडी कुणी मोजली असती तर तिलाच गोळ्या दिल्या असत्या. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं. घड्याळ बघितलं. परत बघितलं. आलेखाची पट्टी सर्र करत बाहेर आली, त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि सावकाश, फार सावकाश वाचली.

“चौऱ्याऐंशी,” त्या म्हणाल्या. “आलेखही साफ आहे. एक चाल.”

ठेकेदारानं दवाखान्याच्या मधोमध अशी आरोळी ठोकली, की बाहेर रांगेत बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला.

स्पर्धेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ताईनं कोट दोनदा उसवून पुन्हा शिवला होता. गळ्याला पट्टी जोडून वर झालर लावली होती, कुणाला कळणारसुद्धा नाही अशी. पहिल्या रांगेत ती आणि आई बसल्या. मेहुणाही कोट घालून कडेला उभा होता, अडीअडचणीला. मास्तरांनी काठी उचलली. ढोल स्टँडवर, ठेकेदार त्याच्यामागं, ओठ घट्ट मिटलेले.

धम्!

पहिल्या चार ठोक्यांतच ताईला कळलं. बँड पुढं पळत होता. इतके महिने एकशे तीसनं वाजवलेली बोटं, ती कुठं ऐकतात! कर्णा पुढं, झांजा त्याच्यापुढं, मास्तरांची काठी दोघांच्या मधे भांबावलेली. आणि मागं एकटा ढोल. धम्. धम्. धम्. घाई नाही. ताईनं मूठ आवळली. पळ रे त्यांच्यामागं, तिला वाटून गेलं, निदान सगळे एकत्र तरी होतील! पण ठेकेदार कुणाकडं बघतही नव्हता. खुंटा जसा गाईच्या ओढीनं हलत नाही तसा तो होता तिथंच राहिला. अर्धं मिनिट सतरा जण एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या. मग झांजा वळल्या. क्लॅरिनेटवाल्यानं मान तिरपी करून कान मागं लावला. कर्णेवाल्यानं एक सूर गिळला आणि पुढचा बरोब्बर ढोलावर टाकला. आणि मग सगळा बँड धडाधडा त्याच्या ठोक्यावर येऊन बसला, असा नेमका, की सभागृहातल्या शेकडो पायांनी जमिनीवर एकाच वेळी ताल धरला. आईचा पाय, ताईचा पाय, परीक्षकांचेसुद्धा!

चार मिनिटं. शेवटचा धम्. छप्पर उडतंय की काय अशा टाळ्या.

परीक्षकांनी आपसांत कुजबूज केली आणि पुकारा झाला: पहिल्या तिघांत निवड, आता दुसरी चाल वाजवा. मास्तरांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. त्यांनी मागं बघितलं. सतरा जणांनी मागं बघितलं. ताई खुर्चीतून अर्धी उठली. लोक “आणखी! आणखी!” ओरडत होते आणि ठेकेदाराच्या हातात काठी होती, उचललेली. आता त्याला कोण अडवणार? त्या काठीसाठी तो चौदा दिवस टेबलाशी बसला होता.

त्यानं एक हात छातीवर ठेवला. डोळे मिटून ऐकलं. मग कडेला उभ्या मेहुण्याला बोटानं बोलावलं आणि काठी त्याच्या हातात दिली.

“घे. माझी झाली.”

“मला नाही जमत रे!” मेहुणा घाबरून म्हणाला. “तू बघितलंयस ना माझं!”

“वळ तिकडं. पुढं बघ.”

मेहुणा वळला. ठेकेदार त्याच्या मागं खुर्ची ओढून ऐटीत बसला आणि त्यानं त्या रुंद पाठीवर दोन बोटांनी ठोका द्यायला सुरुवात केली. मास्तरांनी काठी उचलली. पाठीवर बोट पडलं की ढोलावर काठी पडायची. दोन ओळी बऱ्या गेल्या, मग कोंबडी रस्त्यावर आलीच. मेहुण्याचा हात धावायला लागला. तशी पाठीवरची बोटं जोरात पडायला लागली, कोटाच्या शिवणीवर, अगदी मणक्यावर.

“अरे, हळू!” मेहुणा मान न वळवता कळवळला.

“हळू नाही,” ठेकेदार म्हणाला. “एवढंच.”